अरण्यातील शर्यत आणि दूरचित्रवाणी

नकाशा व होकायंत्र यांच्या आधारे अनोळखी प्रदेशातील नेमून दिलेली ठिकाणे क्रमाने गाठणे, हे ओरिएंटियरिंग या क्रीडाप्रकाराचे स्वरूप होय. त्याचे मर्म धावण्याइतकेच मार्ग निवडण्यात आहे. ही निवड धावपटूच्या मनात घडते. कॅमेऱ्याला मात्र केवळ पळणारी आकृती दिसते. दूरचित्रवाणीपुढील मूळ अडचण हीच.

फिनलंडमध्ये १९४९ मध्ये सुरू झालेल्या, रात्रभर चालणाऱ्या युकोला या सात टप्प्यांच्या सांघिक शर्यतीचे थेट प्रक्षेपण यूले ही सार्वजनिक प्रसारणसंस्था करते. त्यात योजलेला उपाय विचारार्ह आहे. जीपीएस यंत्रे बाळगणाऱ्या धावपटूंची स्थाने ठिपक्यांच्या रूपाने नकाशावर सरकताना दिसतात. अंधारात वाट चुकलेल्याची चूक त्याच्याआधी प्रेक्षकाला कळते. नाटकात पात्राला अज्ञात असलेले संकट प्रेक्षकाला ठाऊक असावे, त्याच जातीची ही उत्कंठा आहे. मात्र ठिपका चूक दाखवितो, चुकीचे कारण दाखवीत नाही; ते उलगडणे जाणत्या निवेदकाचेच काम होय.

याउलट, २००१ मध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत दाखल झालेली, बहुधा नगरांतून व उद्यानांतून होणारी स्प्रिंट शर्यत कॅमेऱ्याला सोयीची आहे. तीतही त्वरित निर्णयाचा कस लागतो, हे मान्य केले पाहिजे. तथापि दृश्यतेसाठी अरण्य सोडणे आणि अरण्यातील विचारालाच दृश्यरूप देणे, या दोहोंपैकी दुसरा मार्ग कष्टाचा असला तरी खेळाच्या स्वभावाशी अधिक इमान राखणारा आहे.