शिलालेख, चंपू आणि सुनेची समाधी

बंगळूरच्या पूर्वेतिहासाचा विचार करताना मराठी वाचकाचे मन सहसा इ. स. १६३८ या वर्षापाशी थांबते. त्या वर्षी रणदुल्लाखानाच्या स्वारीत केंपेगौडांचे हे नगर आदिलशाहीकडे गेले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीचे ठाणे झाले. तेथील दरबाराचे चित्र आपण जयराम पिंड्ये यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’वरून रेखाटतो. वि. का. राजवाडे यांनी १९२२ साली हा ग्रंथ संपादून प्रसिद्ध केला, तेव्हापासून इतिहासाचे साधन म्हणून तो मान्यता पावला. वस्तुतः हे आश्रयदात्याच्या गौरवार्थ रचलेले काव्य होय. त्यातील अतिशयोक्ती वगळून आपण त्याचा उपयोग करतो. हीच सहृदय चिकित्सा लोककथेच्या वाट्याला मात्र क्वचितच येते.

लेखाने कथेची दुरुस्ती होते, हे खरे. वाट चुकलेल्या वीर बल्लाळास एका वृद्धेने उकडलेले दाणे खाऊ घातले आणि त्यावरून ‘बेंदकाळूरु’ हे गावाचे नाव पडले, अशी आख्यायिका आहे. परंतु बेगूर येथील इ. स. ८९०च्या सुमाराच्या शिलालेखात बेंगळूरच्या लढाईचा उल्लेख आढळतो. म्हणजे हे नाव होयसळ राजा दुसरा वीर बल्लाळ याच्याहून सुमारे तीन शतके जुने ठरते. येथे कथा मागे सरते.

कोरमंगला येथील लक्ष्मम्मेच्या समाधीपुढे मात्र हा न्याय अपुरा पडतो. १५३७च्या सुमारास केंपेगौडांनी किल्ला बांधावयास घेतला. त्याचे दक्षिणद्वार वारंवार ढासळू लागले. तेव्हा गरोदर असलेल्या त्यांच्या सुनेने रात्री तेथे जाऊन आत्मबलिदान केले, असे परंपरा सांगते. ‘केरेगे हार’ या कन्नड लोकगीतातही तळ्याला पाणी लागावे म्हणून घरची सून भागीरथीच बळी जाते. असा समान कथाबंध दिसला की इतिहासकार घटनेविषयी साशंक होतो, आणि ते रास्तच आहे. परंतु समीक्षकाचे काम तेथे संपत नाही. बळी जाणारी सूनच का? ती स्वेच्छेने गेली, असे सांगण्याची गरज समाजाला का भासते? या प्रश्नांतून बांधकामाची किंमत कोणाकडून वसूल होते, याविषयीची एक सामूहिक जाणीव प्रकट होते. बेगूरच्या दगडावर लढाईत पडलेल्या पुरुषाचे मरण कोरले गेले; लक्ष्मम्मेचे मरण लोकांनी तोंडी कथेत आणि समाधीपाशी जपले.

म्हणून कथेला दप्तराची जागा देऊ नये, तसेच दप्तरात नाही एवढ्याच कारणाने तिला निकालातही काढू नये. चंपूला आपण जे विचारतो, की तो कोणी, कोणासाठी व कोणत्या हेतूने रचला, तेच समाधीच्या कथेलाही विचारावे. प्रदेशाच्या इतिहासाचा अभ्यासक या दोन्ही साधनांना एकाच कसोटीने तपासू लागला, तर मराठी वाचकाचे बंगळूर शहाजीराजांच्या दरबाराबाहेरही विस्तारेल.