साठ मिनिटांचा प्रयोग

"एवढंच होय, मामा?" माझा भाचा म्हणाला.

पडद्यावर राजकन्या आणि तिला सोडवणारा पांढऱ्या कपड्यांतला तो तरुण यांची भेट नुकतीच झाली होती. रविवारी जेवण आटोपून भाचा खेळायला बसला, आणि दुपारचा चहा होण्यापूर्वी त्याने 'प्रिन्स ऑफ पर्शिया' संपवलासुद्धा. १९९४ च्या उन्हाळ्यात आमच्या तालुक्याच्या गावी एका संगणकवर्गात आम्ही चार-पाच मुले हाच खेळ खेळत असू. सबंध सुट्टी खर्चूनही तो आमच्याने पुरा झाला नव्हता. त्याच्यावर "एवढंच होय?" हा अभिप्राय ऐकून मला वाईट वाटले, हे कबूल केले पाहिजे.

असे वाईट वाटले की माझ्या वयाच्या माणसाजवळ एक उत्तर तयारच असते: हल्लीच्या मुलांना दम नाही. पण हे उत्तर आळशी आहे. टीकाकाराने निदान आपल्या आवडीची तरी उलटतपासणी केली पाहिजे. येथे दोनच शक्यता दिसतात. एक तर तो खेळ मुळातच 'एवढाच' होता आणि माझ्या आठवणीने त्याला फुगवले. नाही तर भाच्याने जे खेळून संपवले, तो हा खेळच नव्हता. यांतले खरे काय, ते ठरवण्यासाठी हा लेख.

प्रथम कृतीविषयी. जॉर्डन मेक्नर या अमेरिकन तरुणाने हा खेळ ॲपल टू या संगणकासाठी रचला. तो १९८९ साली प्रसिद्ध झाला आणि १९९० साली डॉस प्रणालीवर आला. कथानक चार ओळींचे आहे. दुष्ट वजीर राजकन्येला एका तासाची मुदत देतो: माझ्याशी लग्न कर, नाही तर मर. नायक तळघराच्या कैदेत. बारा टप्पे ओलांडून त्याने साठ मिनिटांच्या आत वर पोचायचे. एवढ्या कथानकावर कोणी बालनाट्यही लिहिणार नाही. पण या कृतीचे सत्त्व कथानकात नाही, चालण्यात आहे. मेक्नरने आपल्या धाकट्या भावाला धावायला, उड्या मारायला, लोंबकळायला लावून त्याचे चित्रण केले आणि त्या चित्रणावरून एकेक आकृती रेखाटून घेतली. तलवारीच्या हालचालींसाठी १९३८ सालच्या रॉबिन हूडवरील चित्रपटातल्या द्वंद्वाचा आधार घेतला. परिणाम असा की, हा नायक कळ दाबताच बाहुल्यासारखा जागचा हलत नाही. तो धावू लागला की त्याला थांबायला जागा लागते. उडीसाठी आधी पावले मोजावी लागतात. हातांनी कड धरली की अंगाचे ओझे त्या हातांवर आलेले आपल्याला जाणवते. त्याला वजन आहे, म्हणून त्याला पडण्याचे भय आहे, आणि भय आहे म्हणूनच त्या तासाला अर्थ आहे. वजन आणि वेळ, या दोन गोष्टींवर ही सारी रचना उभी आहे.

हा खेळ आज खेळायचा म्हटले की अडचण येते ती यंत्राची. ज्या डॉस प्रणालीसाठी तो लिहिला, ती व्यवहारातून केव्हाच गेली. बत्तीस बिटांच्या विंडोजमध्ये जुन्या कार्यक्रमांसाठी एक मागचे दार ठेवलेले होते. चौसष्ट बिटांच्या विंडोजमध्ये तेही राहिले नाही. म्हणून माझ्या भाच्याने आपल्या संगणकात एक आभासी यंत्र उभे केले. म्हणजे असे की, नव्या संगणकाच्या पोटात एका कार्यक्रमाने दुसऱ्या, नसलेल्या संगणकाचा देखावा उभा करायचा. एका फायलीला म्हणायचे ही तुझी हार्ड डिस्क, स्मृतीचा एक तुकडा तोडून म्हणायचे ही तुझी स्मृती. त्या यंत्रात त्याने फ्रीडॉस बसवले. जिम हॉल यांनी १९९४ मध्ये आरंभलेली ही डॉसची मुक्त प्रतिकृती. खेळ उमटला. संगणकाचा पंखा मात्र घरघरू लागला, कारण जुन्या डॉसला विश्रांती ठाऊक नाही. काम नसले तरी पुढची कळ कधी दाबली जाते याची वाट पाहत ती प्रणाली एकसारखी धावतच असते.

खेळ उमटला खरा, पण मुका. बंद होणाऱ्या दरवाजांचा खडखडाट नाही, फरशीतून वर येणाऱ्या भाल्यांचा आवाज नाही. शिवाय नायक मला बुटका वाटला. प्रथम मी तो माझ्या आठवणीचा दोष मानला. पण कारण निघाले साधे. त्या काळचे चित्र आडव्या ३२० आणि उभ्या २०० ठिपक्यांचे असे, आणि पडद्याचे प्रमाण चारास तीन. म्हणजे प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा उंचीला थोडा अधिक. नव्या पडद्याचे ठिपके चौरस. जुने चित्र त्यावर जसेच्या तसे ठेवले की उंची एक षष्ठांशाने घटते. ज्या आकृतीचा सारा डौल खऱ्या माणसाच्या अंगलटीवरून घेतलेला, तिला असे चेपले तर उरते काय?

येथे एक प्रश्न उद्भवतो, आणि माझ्या मते या विषयातला तोच खरा वाङ्मयीन प्रश्न आहे. जुन्या यंत्राचे नेमके काय काय जपायचे? सगळेच जपायचे म्हटले तर मला त्या वर्गाच्या दाराशी काढून ठेवलेल्या चपलाही जपाव्या लागतील, आणि एका यंत्रापुढे तिघांनी दाटीने बसून "आता माझी पाळी" म्हणून केलेली भांडणेही. ते स्मरणरंजन झाले. एवढेच नव्हे, माझी आठवण हा मूळ कृतीचा पुरावाही नव्हे. आमच्या वर्गातला पडदा काळा-पांढरा होता. या खेळातल्या कुप्यांपैकी तांबडी कुपी जीव देते आणि निळी जीव घेते, हे आम्हांला दिसणेच शक्य नव्हते. कोणती कुपी कोठे, हे आम्ही पाठ केले होते. मशालींची नारिंगी ज्योत मी आयुष्यात प्रथम पाहिली ती भाच्याच्या आभासी यंत्रात. मग मूळ कोणते? माझे की त्याचे? आणि डॉसवरचा खेळ हाही ॲपलवरच्या खेळाचे रूपांतरच ना?

माझ्यापुरती मी एक कसोटी ठरवली आहे. यंत्राच्या ज्या मर्यादा कर्त्याने हिशेबात धरून रचना केली, त्या कृतीच्या रूपाचा भाग. ज्या मर्यादा केवळ माझ्या वाट्याला आल्या, त्या माझ्या चरित्राचा भाग. पहिल्या जपाव्यात, दुसऱ्या आनंदाने सोडून द्याव्यात. चौथ्या टप्प्यात नायक आरशातून उडी मारतो आणि आरशातून त्याचीच सावली बाहेर पडते. पुढे ती त्याला छळते आणि अखेरीस तलवार उपसून समोर येते. तिला मारलेला घाव नायकालाच लागतो. तलवार म्यान करून तिच्यात मिसळून जाणे, हाच त्यातला मार्ग. ही कल्पना कोठून आली? ॲपलच्या ४८ किलोबाइट स्मृतीत नवा प्रतिस्पर्धी रेखाटायला जागा उरली नव्हती. म्हणून नायकाच्याच आकृतीवर गणिताची एक साधी क्रिया करून तिची सावली निर्माण केली गेली. यंत्राच्या दारिद्र्यातून या खेळातली सर्वांत अर्थपूर्ण व्यक्ती जन्माला आली. रूप आणि साधन यांची फारकत करू पाहणाऱ्यांनी या सावलीपाशी थोडे थांबावे.

वेगाचीही हीच गोष्ट. १९८१ च्या आयबीएम पीसीचा ठोका ४.७७ मेगाहर्ट्झचा होता. त्या सुमाराच्या कित्येक कार्यक्रमांनी यंत्राच्या वेगालाच घड्याळ मानले. पुढे यंत्रे वेगवान झाली तेव्हा 'टर्बो' नावाची एक कळ त्यांवर दिसू लागली. नाव वेगाचे, पण तिचा खरा उपयोग जुन्या कार्यक्रमांसाठी यंत्राला हळू चालवण्याचा. १९९० चा 'विंग कमांडर' हा अंतराळयुद्धाचा खेळ वेगवान यंत्रावर असा भरधाव सुटतो की लढाई सुरू झाली हे कळायच्या आत ती संपते. आभासी यंत्र येथे उपयोगी पडत नाही, कारण ते पाहुण्या कार्यक्रमाच्या आज्ञा शक्यतो खऱ्या प्रोसेसरकडूनच, त्याच्याच वेगाने करवून घेते. २००२ साली प्रथम आलेला 'डॉसबॉक्स' निराळ्या जातीचा आहे. तो जुन्या प्रोसेसरचेच सोंग घेतो. म्हणून त्याला सांगता येते की, इतक्याच आज्ञा, इतक्याच वेळात. चित्राची उंचीही त्यात पूर्ववत करता येते. पण किती वेग 'योग्य', हे तो सांगत नाही. ते खेळणाराने डोळ्यांनी आणि हातांनी ठरवायचे. गायकाने लय ठरवावी तसेच हे आहे, आणि म्हणून मी याला यंत्रज्ञान न म्हणता आस्वादाचा भाग म्हणतो.

आता भाच्याच्या त्या दुपारीकडे वळतो. आवाज आणि उंची यांपेक्षा मोठी गोष्ट तेथे घडली होती. आभासी यंत्रात 'स्नॅपशॉट' घेण्याची सोय असते. सबंध यंत्राची त्या क्षणाची अवस्था गोठवून ठेवायची, आणि वाटेल तेव्हा त्या क्षणी परत जायचे. भाचा प्रत्येक अवघड उडीपूर्वी यंत्र गोठवी. पडला की परत. घाव लागला की परत. त्याच्या नायकाला वजन होते, पण पडण्याला किंमत नव्हती. तास होता, पण तो सरत नव्हता. साठ मिनिटांची मुदत त्याच्या दृष्टीने भिंतीवरचे थांबलेले घड्याळ होते.

आपल्या संगीत नाटकांना वन्समोअरने काय केले ते रसिकांना ठाऊक आहे. एकच पद तीन-तीनदा, चार-चारदा होई. प्रेक्षकांना अपार सुख मिळे, ते सुख खोटे होते असेही मी म्हणणार नाही. पण तेवढा वेळ रंगभूमीवरची नायिका आपले दुःख बाजूस ठेवून प्रेक्षकांची फर्माईश पुरवीत उभी असे, आणि नाटक वाट पाहत असे. स्नॅपशॉट हा असाच वन्समोअर आहे. फरक एवढाच की, येथे प्रेक्षक एकटाच आहे आणि नकार द्यायला नटही नाही.

यावर कोणी म्हणेल, मूळ खेळातही खेळ जतन करण्याची सोय होतीच. होती, तिसऱ्या टप्प्यापासून पुढे. पण तीत टप्प्याच्या आरंभापासून सारे पुन्हा करावे लागते, आणि उरलेली मिनिटेही जतन होतात ती तेवढीच. जतन न करता मेलात तर टप्पा पुन्हा मिळतो, गेलेली मिनिटे मिळत नाहीत. कर्त्याने क्षमा ठेवली होती, पण ती मोजून ठेवली होती. टप्प्याएवढी क्षमा आणि उडीएवढी क्षमा यांत केवळ प्रमाणाचा फरक नाही. पहिलीत चूक राहते, दुसरीत ती झालेलीच नसते.

या साधनांची उपेक्षा करण्याचा माझा हेतू नाही, उलट मी त्यांचा ऋणी आहे. इंटरनेट आर्काइव्हने २०१५ च्या आरंभी सुमारे २४०० डॉस-खेळ कोणालाही खेळता येतील असे खुले केले. मेक्नरच्या वडिलांना जुन्या फ्लॉपी सापडल्या आणि २०१२ साली मूळ खेळाची सबंध संहिता जगापुढे आली. नाही तर हे सारे धुळीत गेले असते. पण संहिता म्हणजे प्रयोग नव्हे. आभासी यंत्र संहिता टिकवते, आणि प्रयोगातली वेळ मात्र खेळणाराच्या मुठीत देते. जुन्या यंत्रापुढे आम्ही नियम पाळले ते सद्गुणी होतो म्हणून नव्हे. मोडण्याची सोयच नव्हती. आज ती आहे, म्हणून मर्यादा पाळणे हे आता रसिकाचे काम झाले आहे. ते त्याने केले नाही तर कृती शिल्लक राहूनही नष्ट होईल, आणि कोणाला पत्ताही लागणार नाही.

हे माझे म्हणणे भाच्याला पटले नाही. मग आम्ही करार केला. डॉसबॉक्स घेतला, चित्राची उंची नीट केली, आवाज मिळवला, पावलांची लय जुळेपर्यंत वेग कमी-अधिक केला. स्नॅपशॉट नाही. एक टप्पा त्याने खेळायचा, एक मी. तिसऱ्या टप्प्यात हाडांचा सापळा उठून उभा राहिला तेव्हा तो खुर्चीत पुढे सरकला. पाचव्यात त्याने उडीची पावले चुकीची मोजली आणि नायक खाली गेला.

"मामा, आधी इथे स्नॅपशॉट घ्यायला हवा होता," तो म्हणाला.

मी काही बोललो नाही. त्याने टप्पा पुन्हा आरंभला, आणि या वेळी कडेपाशी येऊन थांबला. धावला नाही. एकेक पाऊल जपून टाकीत अगदी टोकाशी गेला, मग मागे वळला, अंतर घेतले. खोलीत कोणी बोलत नव्हते.

साठ मिनिटे संपली तेव्हा आम्ही सातव्या टप्प्यात होतो. राजकन्या काही वाचली नाही. तो पडद्याकडे पाहत बसला होता. "एवढंच होय?" असे तो या वेळी म्हणाला नाही. पाचव्या टप्प्यात आपली किती मिनिटे गेली, तेवढे त्याने विचारले.