प्रयोग म्हणजे व्हॉइस नव्हे: इंग्रजीच्या तासातील संज्ञा आणि त्यांचे मराठी प्रतिशब्द

दिल्लीलगतच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी प्रथम वर्षाला शिकवतो. एका चाचणीत मी ‘विद्यार्थ्यांनी प्रवाह मोजला’ हे वाक्य देऊन त्याचे इंग्रजी भाषांतर आणि व्हॉइस विचारला होता. एका मराठी विद्यार्थ्याने लिहिले, ‘पॅसिव्ह, कारण क्रियापद कर्माप्रमाणे चालते.’ भाषांतरही त्याने ‘करंट वॉज मेजर्ड बाय स्टुडंट्स’ असेच केले. मी शून्य गुण दिले. पुढे लक्षात आले की त्याने दिलेले कारण अचूक होते. चूक होती ती त्याला पाठ करायला दिलेल्या समीकरणात: कर्मणी प्रयोग = पॅसिव्ह व्हॉइस.

१. प्रयोग आणि व्हॉइस

मराठीत प्रयोग ठरतो तो क्रियापद कोणाप्रमाणे बदलते यावरून. प्रवाह मोजला, लांबी मोजली, तापमान मोजले. कर्माचे लिंग बदलले की क्रियापद बदलते, म्हणून हा कर्मणी प्रयोग. भूतकाळात बहुतेक सकर्मक क्रियापदांना ही रचना घ्यावीच लागते; बोलणाऱ्याला निवड नसते. कर्ता मात्र वाक्यात ठामपणे उभा असतो.

इंग्रजीतील पॅसिव्ह व्हॉइस ही निवड आहे. कर्त्याला मागे सारायचे किंवा गाळायचे असेल तेव्हा लेखक तो वापरतो. प्रयोगशाळेच्या अहवालात ‘करंट वॉज मेजर्ड’ असे लिहितात, कारण तिथे कोणी मोजले यापेक्षा काय मोजले हे महत्त्वाचे. याला मराठीत जवळची रचना म्हणजे ‘प्रवाह मोजला गेला’. आपले व्याकरणकार तिला कर्मकर्तरी किंवा नवीन कर्मणी म्हणतात. यातला ‘नवीन’ हा शब्द बोलका आहे. भावे प्रयोगाला तर इंग्रजीत जोडच नाही.

हिंदी व्याकरणाने वाच्य आणि प्रयोग या दोन वेगळ्या संज्ञा ठेवल्या आहेत. ‘छात्रों ने लंबाई मापी’ हे कर्तृवाच्य, पण कर्मणि प्रयोग. वर्गातल्या हिंदी भाषक मित्राला हे विचारून पाहा. मात्र त्याच्याशी बोलताना ‘संज्ञा’ हा शब्द जपून वापरा. त्याच्या व्याकरणात संज्ञा म्हणजे आपले नाम!

२. रूपक आणि मेटाफर

आपल्या अलंकारशास्त्रातील रूपकात उपमेय आणि उपमान दोन्ही हजर असतात आणि ते एकरूप मानले जातात: ‘पुस्तक हाच दिवा’. मेटाफरचा पैस मोठा आहे. विजेचा ‘प्रवाह’ म्हणताना पाण्याची कल्पना आपण कधीच विसरलो, तरी इंग्रजी समीक्षक त्याला मेटाफरच म्हणेल, फक्त मृत मेटाफर. रूपकाची शालेय व्याख्या घेऊन शोधणाऱ्या विद्यार्थ्याला तो सापडणार नाही.

३. निबंध आणि एसे

मोंतेनने १५८० मध्ये आपल्या लेखांना जे फ्रेंच नाव दिले त्याचा अर्थ ‘प्रयत्न’. ‘निबंध’ या शब्दात मात्र ‘बंध’ आहे, बांधणी आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या १८७४ साली सुरू झालेल्या ‘निबंधमाले’त वाद घालणारा निबंध होता. शाळेत आपल्या वाट्याला येतो तो सुविचाराने सुरू होऊन संदेशाने संपणारा. त्यामुळे इंग्रजीचे शिक्षक ‘थीसिस स्टेटमेंट’ मागतात तेव्हा विद्यार्थी प्रस्तावना लिहितो. ‘पाणी हे जीवन आहे’ हा थीसिस नव्हे, कारण त्यावर कोणी भांडणार नाही. ‘शहरातील पाणीटंचाईचे मोठे कारण गळती आहे’ हा थीसिस होऊ शकतो. तो नाकारता येतो, म्हणूनच सिद्ध करावा लागतो.

४. मग प्रतिशब्द नकोत का?

हवेत. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात इंग्रजीच्या एकाच विषयात शब्दसंग्रह, लेखनातील सामान्य चुका, सारांशलेखन आणि निबंधलेखन असे सारे आहे. इतक्या संज्ञा मातृभाषेच्या आधाराशिवाय पचणार नाहीत. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ चे, मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ चे. आपल्यापाशी संज्ञांचा तुटवडा नाही. माझा आक्षेप दोन रकान्यांच्या तक्त्याला आहे. त्यात तिसरा रकाना हवा: ‘कुठे जुळत नाही’. तो नसला की मातृभाषेचे व्याकरण ज्याला चांगले येते तोच विद्यार्थी इंग्रजीत चुकतो, आणि आपल्याला भाषाच जमत नाही असे मानून बसतो. त्या मुलाचे गुण मी नंतर वाढवले. त्याचे कारण वर्गात सांगितले, ते अधिक गरजेचे होते.

सरावासाठी: आपल्या प्रयोगवहीतील पाच मराठी किंवा हिंदी वाक्ये घ्या. प्रत्येकाचा प्रयोग ओळखा, इंग्रजी भाषांतर करा आणि त्याचा व्हॉइस लिहा. जिथे दोन्ही जुळले नाहीत, तिथे का, ते एका वाक्यात सांगा. तुमचा तिसरा रकाना तिथून सुरू होईल.