लोणारविषयक वाङ्मय आणि लोणारकर

एखाद्या स्थळाविषयी पुष्कळ लिहिले गेले म्हणजे त्या स्थळाची ओळख पुरी झाली, असे आपण सहज धरून चालतो. ही समजूत कितपत खरी आहे हे पाहावयाचे असेल, तर बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे उदाहरण घ्यावे. गाव तालुक्याचे, पण बेताचे. मात्र त्याला लागून असलेल्या खाऱ्या सरोवरामुळे पुराणिक, दरबारी इतिहासकार, इंग्रज अंमलदार, भूशास्त्रज्ञ आणि वृत्तपत्रकार ह्या सर्वांनी त्याच्यावर लेखणी चालविली आहे. हे सर्व लेखन शेजारी शेजारी ठेवून वाचले असता त्यात एक मोठी उणीव दिसून येते. ती वाचकांपुढे मांडावी, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

प्रथम पौराणिक लेखन घेऊ. लवणासुर नावाचा दैत्य येथे भूमीखाली दडून राहत असे. विष्णूने त्याचा वध केला व दैत्यसूदन हे नाव धारण केले. सरोवराचे पाणी हे त्या असुराचे रक्त आणि त्यातील क्षार हे त्याचे मांस, अशी ही कथा आहे. कथा म्हणून ती रचलेली मोठी सुंदर आहे. तिने ह्या विचित्र पाण्याचे कारण सांगितले, दैत्यसूदनाच्या कोरीव मंदिराला अर्थ दिला आणि धारेच्या गोड्या पाण्याला तीर्थ केले. तथापि ह्या कथेत माणूस यावयाचा तो यात्रेकरू म्हणूनच. तो स्नान करतो, दान देतो आणि पुण्य घेऊन आपल्या गावी परततो. तीर्थाच्या काठी बारा महिने राहणाऱ्याशी माहात्म्यकाराला कर्तव्य नाही.

दुसरे लेखन राज्यकर्त्यांचे. अकबराच्या दरबारातील अबुल फझल ह्याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना लोणारचे पावित्र्य सांगितले आहे, ब्राह्मण ह्या स्थळास विष्णुगया म्हणतात असेही नमूद केले आहे, आणि लगोलग येथे काच व साबण करण्यास लागणारी द्रव्ये मिळतात व त्यांपासून सरकारास उत्पन्न होते, हेही टिपले आहे. तीर्थ आणि महसूल ह्या दोन गोष्टी एकाच परिच्छेदात सुखाने नांदतात. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. त्यानंतर लायल ह्यांनी संपादिलेले १८७० चे वऱ्हाडचे गॅझेटियर आणि नेल्सन ह्यांचे १९१० चे बुलढाणा जिल्ह्याचे गॅझेटियर ही ह्याच परंपरेची अधिक नीटस रूपे होत.

ह्या लेखकांना केवळ परके म्हणून झिडकारणे मला मान्य नाही. दल्ला, पापडी, खुप्पल, भुसकी ही सरोवरातून निघणाऱ्या क्षारांची अस्सल देशी नावे. क्षार वेचणाऱ्यांच्या तोंडची ही नावे सरकारी व भूशास्त्रीय इंग्रजी लेखनात जपली गेली. आमच्या माहात्म्यांनी त्यांची दखल घेतली नाही, ही लाजेची गोष्ट आम्ही कबूल केली पाहिजे. स्वतः लायल तर वऱ्हाडात कमिशनर असताना येथील लोकांचे देव, साधू, दगड व भुते ह्यांचे निरीक्षण करून हिंदुधर्म ही गोठलेली वस्तू नसून रोज घडत असलेली गोष्ट आहे, असे प्रतिपादन करणारा निबंध लिहून गेले. दृष्टी सूक्ष्म खरी; पण ती उंचावरून पाहणाऱ्याची. क्षाराचे नाव नोंदले गेले, त्याचे उत्पन्नही नोंदले गेले. परंतु तो क्षार उन्हात चिखलात उतरून काढणाऱ्याच्या हाताला काय होई, त्याच्या पदरात काय पडे, हा प्रश्न त्या दृष्टीच्या टप्प्यात आला नाही.

तिसरे लेखन शास्त्रज्ञांचे. आणि ते सर्वांत प्रामाणिक आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा हा खळगा ज्वालामुखीचा असावा, असे पुष्कळ काळ मानले जाई. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने, प्रचंड आघाताखेरीज जी काच बनत नाही तिचा पुरावा देऊन, हे उल्काविवर असल्याचे दाखविले. दख्खनच्या काळ्या दगडात असे विवर असल्याने चंद्राच्या पृष्ठभागाचा अभ्यास करणाऱ्यांनाही त्याचे मोल वाटते. त्याच्या वयाविषयी मात्र मतभेद आहे. एक गणना सुमारे ५० हजार वर्षे सांगते, तर २०११ साली प्रसिद्ध झालेली दुसरी सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे. आपला मतभेद असा उघड मांडणारे वाङ्मय आदरास पात्र होय. दगड हा त्याचा विषय आहे; त्यात माणूस नाही म्हणून त्याला दोष देणे अन्यायाचे होईल.

दोष द्यावयाचा तो चौथ्या प्रकारच्या, म्हणजे आजच्या प्रवासवर्णनपर व वृत्तपत्री लेखनास. २०२० च्या जून महिन्यात सरोवराचे पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तो खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा परिणाम असल्याचे सांगितले. त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळांच्या यादीत मान मिळाला. ह्या दोन वार्तांवर जे विपुल लेखन झाले, त्यातील बहुतेक वाचताना मला माहात्म्यकाराचीच आठवण झाली. चमत्कार तोच, लवणासुराच्या जागी उल्का आली, पुण्याच्या जागी छायाचित्र आले आणि यात्रेकरूच्या जागी पर्यटक. काठावरचा गावकरी पूर्वी जसा बाहेर होता तसा आजही बाहेरच राहिला. तो आत आलाच तर आरोपी म्हणून येतो: ह्यानेच पाणी नासविले!

गावाचे सांडपाणी सरोवराकडे वाहत गेले, विवराच्या आत शेती झाली, तिची खते पाण्यात उतरली, वेड्या बाभळीने उतार व्यापला, ह्या गोष्टी खऱ्या आहेत. त्यांविषयी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे दीर्घकाळ सुनावण्या चालल्या. परंतु सांडपाणी खाली वाहते ते गावकरी पापी आहे म्हणून नव्हे; गावाला धड गटार मिळाले नाही म्हणून. २००० साली हा परिसर अभयारण्य झाला. संरक्षणाची गरज कोण नाकारील? पण पिढ्यान्‌पिढ्या त्या उतारावर गुरे नेणाऱ्याला आणि नवरात्रात कमळजादेवीच्या दर्शनाला उतरणाऱ्या बाईला हे संरक्षण कोणी समजावून सांगितले, आणि तिचे म्हणणे कोणी लिहून घेतले? विकसनशील म्हणविणाऱ्या देशाची ही खरी अडचण आहे. जगाला दाखविण्याजोगे जे असते त्याची नोंद तत्काळ होते. त्याच्या शेजारी जगणाऱ्यांची नोंद लांबणीवर पडते. मग योजना त्या नोंदीवरूनच आखल्या जातात, आणि ज्यांची नोंद नाही ते योजनेत केवळ अडथळा म्हणून उरतात.

गटारे बांधणे हे नगरपालिकेचे काम, त्यात साहित्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. उत्तरादाखल मी मराठीतील आद्य गद्यग्रंथाकडेच बोट दाखवितो. म्हाइंभटाने तेराव्या शतकात सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रा’त चक्रधरांच्या लोणारच्या वास्तव्याचा उल्लेख आहे. त्या ग्रंथाची थोरवी कशात आहे? आपल्या दैवताविषयी लिहीत असताही तो कोण आले, काय बोलले, काय खाल्ले, कोठे बसले हे सांगत राहतो. साधी माणसे त्यात आपापल्या भाषेत बोलतात. अलौकिकाच्या भक्तीने लौकिकाकडे पाठ फिरविली नाही, म्हणूनच त्या काळचा महाराष्ट्र आज आपणांस त्यात चालताबोलता दिसतो. ज्या भाषेचे गद्य असे सुरू झाले, तिने सातशे वर्षांनी त्याच गावाविषयी लिहिताना केवळ पाण्याचा रंग सांगून थांबावे, ही अधोगती नव्हे काय?

लोणारवरील चांगले पुस्तक अद्याप लिहावयाचे राहिले आहे. त्यात उल्का हवी, दैत्यसूदन हवा, अबुल फझल व लायलही हवेत; परंतु दल्ला व भुसकी ही नावे ज्यांच्या तोंडी होती त्यांचे वंशज त्यात आधी बोलले पाहिजेत. ते पुस्तक बाहेरच्या पंडितापेक्षा लोणारच्याच शाळेत शिकलेल्या एखाद्या मुलीने वा मुलाने लिहावे, अशी माझी इच्छा आहे. त्याची पहिली कसोटी विद्यापीठात लागू नये. ते गावच्या पारावर मोठ्याने वाचले जावे, आणि ऐकणाऱ्याने ‘होय, हे आमचेच आहे’ असे म्हणावे.