चुनखडक : एका व्याख्येची तपासणी

चुनखडक म्हणजे सागरतळाशी साचलेल्या शंखशिंपल्यांचा घट्ट झालेला थर, ही व्याख्या मराठी पाठ्यपुस्तकांतून इतक्या सहजतेने उतरत आली आहे की, तिची शहानिशा करण्याची गरज कोणास भासत नाही. वस्तुतः महाराष्ट्रातील विद्यार्थ्याच्या पायांखाली जो चुनखडक नित्य असतो, त्यालाच ती लागू पडत नाही.

शहाबादी फरशीच घ्या. भीमेच्या खोऱ्यातील हा सूक्ष्मकणी दगड पातळ थरांनी सुटतो, म्हणूनच मराठी घरांत तो इतका रुळला. लिंबाचा रस सांडला की त्यावर डाग उमटतो. आम्ल आणि कॅल्साइट यांच्या विक्रियेचा याहून घरगुती पुरावा तो कोणता! पण त्यात शिंपला शोधू जाल तर निराशाच पदरी येईल. हे थर, तसेच वणी-चंद्रपूरकडील पैनगंगा गटाचे थर, कवचधारी प्राणी अवतरण्यापूर्वीचे आहेत; ते प्राणी आले सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वी. येथे समुद्राच्या पाण्यातूनच कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसला. त्या कामी सूक्ष्म जीवांचा हातभार लागला असावा. नर्मदेच्या खोऱ्यातील बाघ येथील क्रिटेशस चुनखडकात मात्र जीवावशेष विपुल आहेत, आणि तेथे ही व्याख्या यथार्थ ठरते.

दुसरा दोष शब्दयोजनेचा. ‘चुनखडी’ हा शब्द शेतकरी काळ्या जमिनीतील पांढरट खड्यांस योजतो, आणि आपण तोच सागरी खडकास लावतो. बेसॉल्टच्या विदारणातून सुटलेले कॅल्शियम पाण्याबरोबर खाली उतरते व पाणी आटल्यावर जमिनीतच साकळते. या खड्यांचा समुद्राशी काही संबंध नाही. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने दोन्ही फसफसतात हे खरे. परंतु ही कसोटी खनिजाची ओळख पटविते, उत्पत्तीची नव्हे. खडकास ‘चुनखडक’ व खड्यांस ‘कंकर’ म्हणण्याची शिस्त आपण पाळावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

उपयोगाच्या प्रकरणात तर कंकराचा नामोल्लेखही क्वचितच असतो. तेथे शुद्धतेचेच कौतुक : शुद्ध कार्बोनेट भाजले असता वजनाचा ४४ टक्के भाग वायुरूपाने निघून जातो व निर्भेळ चुना उरतो. दख्खनच्या बेसॉल्ट प्रदेशात मात्र जुन्या बांधकामांस कंकराचा चुना वापरीत. कंकरात चिकणमाती मिसळलेली असते, आणि नेमक्या या भेसळीमुळेच तो चुना ओलाव्यातही घट्ट होतो. शुद्ध चुन्यास ते साधत नाही.