सेवा या शब्दाची चीड आणि डोरोथी डे

'सेवा' हा शब्द कानावर आला की माझं डोकं सरकतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की परीक्षण तटस्थ नाही. नाहीच ते तटस्थ. आमच्या वस्तीत दर जूनला वह्या वाटायला लोक यायचे. आम्हा पोरांना रांगेत उभं करायचे, वही छातीशी, तोंड कॅमेऱ्याकडं. कव्हरावर देणाऱ्याचं नाव ठसठशीत, आणि 'विद्यार्थ्याचे नाव' याच्यापुढची रेघ एवढीशी की माझं आडनाव मावायचं नाही.

असला मी डोरोथी डे या अमेरिकन कॅथलिक बाईचं आत्मचरित्र वाचायला बसलो. 'द लाँग लोन्लीनेस', १९५२ साली निघालेलं. सूतगिरणीत तिसरी पाळी करायची, सकाळी येऊन डिक्शनरी घेऊन बसायचं. अडीच महिने गेले. माझी शाळा नववीपर्यंत, तेव्हा जिथं चुकलो असेन तिथं जाणत्यांनी कान धरावा.

बाई १८९७ साली ब्रुकलिनमध्ये जन्मली. बाप वर्तमानपत्रात खेळांवर लिहिणारा. ही तरुणपणी समाजवादी पत्रांत बातमीदार झाली. १९१७ साली बायकांच्या मताच्या हक्कासाठी व्हाइट हाऊसपुढं उभी राहिली, तुरुंगात गेली, तिथं उपोषण केलं. पुढं लग्नाशिवायचा संसार. १९२६ साली मुलगी झाली. मुलीचा बाप्तिस्मा केला, १९२७ च्या डिसेंबरात स्वतःचाही केला, आणि देव न मानणारा जोडीदार गमावला. ती नन झाली नाही. मठात गेली नाही. तरी गरिबांबरोबर राहणं हेच तिनं देवाचं बोलावणं मानलं आणि १९८० साली मरेपर्यंत त्यातच राहिली. चर्चनं २००० साली तिच्या संतपदाचं काम सुरू करून तिला 'देवाची सेवक' ठरवलं. आला का पुन्हा तोच शब्द!

पुस्तक मी पहिल्या दोन दिवसांतच भिरकावणार होतो. येशू, प्रार्थना, पुन्हा येशू. पण सुरुवातीच्या भागातच ती एक प्रश्न विचारते आणि मी थांबलो. संतांच्या गोष्टींत आजाऱ्यांची, लुळ्यापांगळ्यांची, गुलामांची शुश्रूषा करणारे पुष्कळ सापडतात. पण मुळात गुलामीच मोडून टाकणारे संत कुठायत? असं ती विचारते. अरे, हा तर आपला प्रश्न! १९३२ च्या नोव्हेंबरात बाबासाहेबांनी बोटीवरून ठक्करांना पत्र लिहिलं ते याच मुद्द्यावर. अस्पृश्यांना चांगलं वळण लावत बसू नका. विहीर, शाळा, रस्ता यांवरच्या हक्कासाठी गावोगाव झगडा. ऐकलं नाही कुणी. संघाचं नाव 'हरिजन सेवक' झालं आणि बाबासाहेब त्यातून बाहेर पडले.

त्याच्या पुढच्याच महिन्यात ही बाई वॉशिंग्टनला होती. बेकारांचा भूक मोर्चा निघाला होता, कम्युनिस्टांनी काढलेला. ती फुटपाथवर उभी राहून बातमी टिपत होती आणि आतून जळत होती की आपले धर्मवाले यात का नाहीत. परत आली तर दारात पीटर मोरिन नावाचा फ्रेंच फकीर. दोघांनी १ मे १९३३ ला न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअरमध्ये 'कॅथलिक वर्कर' विकायला काढलं. २५०० प्रती, किंमत एक सेंट. आजही तीच किंमत. दोन-तीन वर्षांत खप लाखावर गेला. आपण स्टेन्सिल फाटलं की रडतो. मग भुकेल्यांसाठी सूपाची रांग, झोपायला घर, शेजारी पेपरचा कारखाना. सगळं एकाच छपराखाली. १९३६ च्या खलाशांच्या संपात हे लोक संपवाल्यांना जेवू घालत होते. दान नव्हे, संपाची रसद. हा फरक ज्याच्या घरी संप झालाय त्यालाच कळेल. १९८२ च्या संपात माझा आजा मुंबईत होता. कोणी दिलेली ज्वारी मोजून घेतली आणि कोणी नुसती ओतून दिली, हे आजी मरेपर्यंत नावानिशी सांगायची.

पेपरच्या डोक्यावरच्या चित्रात आधी दोन कामगार होते, दोन्ही गोरे. शिकागोच्या आर्थर फॉल्स या काळ्या डॉक्टरनं पत्र लिहिलं, यातला एक काळा का नाही? चित्र बदललं. मला या बाईबद्दल पहिला खरा आदर तिथं वाटला. आपल्याकडं अशी पत्रं किती संपादकांच्या टोपलीत गेली असतील!

पण भांडणही मोठं आहे. मोरिन म्हणतो शहर सोडा, जमिनीकडं चला, वाडीवर राहून कसा. आणि बाई माना डोलावते. मोरिनबाबा, माझ्या पणजाला विचार. तो गावात मढ्याची लाकडं फोडायचा, मयताचे सांगावे न्यायचा, उष्ट्यावर जगायचा. आजा पळाला म्हणून आज मी धागा सांधतोय आणि हे लिहितोय. दुसरं, सरकारवर हिचा भरवसा नाही. गरिबाची जबाबदारी ज्यानं-त्यानं स्वतः उचलावी म्हणते. शेजाऱ्याच्या काळजावर आम्ही हजारो वर्षं काढली, बाई. आम्हाला कायदा लागतो. आणि गरिबी हे व्रत म्हणून घेणं! घेतलेली गरिबी टाकता येते. न टाकणं हा तिचा मोठेपणा, कबूल. पण आमच्या गरिबीला दारच नाही, तिला व्रत कसं म्हणू?

लेखिका म्हणूनही एक तक्रार. तरुणपणी तिनं गर्भपात केला होता. १९२४ च्या तिच्या कादंबरीत ते येतं, इथं गाळलंय. 'बलुतं' वाचून वाढलेल्या माणसाला असली झाकपाक खटकते. शिवाय रांगेतली माणसं पुस्तकात येतात नि जातात, पण बाई त्यांच्याकडं बघताना जेवढी दिसते तेवढी ती माणसं दिसत नाहीत.

हे सगळं मी आईला ऐकवलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मी दहा वर्साची असताना पायाला भाजलं हुतं. गावातला डाक्टर लांबनंच गोळ्या टाकायचा. मग आज्जीनं त्या पांढऱ्या लुगड्याच्या सिस्टरांकडं नेलं. तिनं माझा पाय मांडीवर घेतला. पू हातानं पुसला. येशूचं नाव बी काढलं न्हाई. तुझा कायदा तवा बी हुताच की रं."

मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही, आणि म्हणून हा लेख मी दोनदा फाडला. शिवाशीव ज्यांच्या वाट्याला आली त्यांच्यासाठी हात लावणं ही साधी सेवा नाही, एवढं मला दिसतं. पण पाय बरा झाल्यावर त्याच गावात परत जायचं असतं, हेही दिसतं.

म्हणून मला १९४९ सालची गोष्ट सगळ्यात जवळची वाटते. न्यूयॉर्कच्या कॅल्व्हरी कबरस्तानातल्या खड्डे खणणाऱ्यांनी संप केला. मालक कोण? खुद्द चर्च. मागणी साधी, तास कमी करा, पगार तोच ठेवा. कार्डिनल स्पेलमन म्हणाला, ही कम्युनिस्टांची फूस. आणि पाद्री होऊ घातलेल्या पोरांच्या हाती फावडी देऊन संप फोडायला घेऊन गेला. डोरोथी डे खड्डेवाल्यांच्या बाजूनं उभी राहिली. कार्डिनलला पत्र लिहिलं, तुम्हीच त्यांच्याकडं जा. मढ्याचं काम करणाऱ्यांसाठी आपल्याच धर्मपीठाविरुद्ध उभी राहिलेली बाई! तिथं ती कुणाची सेवा करत नव्हती, संपवाल्यांच्या रांगेतली एक होती. आणि तीच बाई म्हणायची की कार्डिनलनं पेपर बंद कर म्हटलं तर मी करीन. हे मला शेवटपर्यंत गिळता आलं नाही. मनुस्मृती जाळलेल्यांच्या घरातला आहे मी.

पुस्तक माझ्याकडं आहे. ज्याला वाचायचंय त्यानं पहिली पाळी सुटल्यावर घरी यावं. डिक्शनरी ज्यानं-त्यानं आपली आणावी.