स्वभावोक्तीची कसोटी

स्वभावोक्तीवरून आपल्या अलंकारशास्त्रकारांत मोठा मतभेद आहे. दंडीनें अलंकारांमध्यें तिला पहिलें स्थान दिलें. कुंतकानें ती अलंकारच नव्हे, असें ठरविलें. वस्तूचा स्वभाव हाच जर अलंकार, तर अलंकृत व्हावयाचें तें काय उरलें, हा त्याचा आक्षेप. हा वाद केवळ पंडितांचा आहे अशी आमची समजूत होती. केन लोच यांचा ‘आय, डॅनिअल ब्लेक’ हा इंग्रजी बोलपट पाहिल्यापासून ती डळमळली आहे.

२०१६ सालीं कान येथील महोत्सवांत सर्वोच्च पारितोषिक मिळविलेल्या या बोलपटाचा नायक न्यूकॅसल येथील एक विधुर सुतार आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यामुळें डॉक्टरांनीं त्यास काम करण्याची मनाई केली आहे, म्हणून तो सरकारी भत्ता मागतो. आरंभीं पडदा काळा असतो; फक्त संवाद ऐकूं येतो. टोपी घालावयास हात डोक्यापर्यंत नेतां येतो काय, अशा जातीचे प्रश्न परीक्षिका विचारीत जाते. सुताराचें म्हणणें एवढेंच कीं, बिघाड हातांत नसून हृदयांत आहे. पण त्याविषयीं तिच्याजवळ प्रश्नच नाहीं. प्रेक्षक प्रथम हंसतो आणि मग ओशाळतो.

इंग्लंडांत २०१३ सालीं अपंगांसाठीं सुरू झालेला ‘पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट’ हा भत्ता याहून निराळा. त्यासाठीं अर्जदारास आपली दिनचर्याच लिहून द्यावी लागते. अन्न शिजविणें, अंग धुणें, कपडे घालणें, वाचणें, लोकांत मिसळणें अशीं दैनंदिन व्यवहाराचीं दहा कृत्यें, आणि हिंडण्याफिरण्याचीं दोन. प्रत्येकास गुण, एका विभागांत आठ झाले तर भत्ता, बारा झाले तर वाढीव भत्ता. ज्यांचें आयुष्य उत्तरपत्रिका तपासण्यांत गेलें त्या आमच्यासारख्यांस ही परीक्षा विलक्षण वाटते. येथें उत्तीर्ण होणें म्हणजे आपली असमर्थता सिद्ध करणें!

नियम करणाऱ्यांनीं एक गोष्ट मात्र जाणली आहे, ती न सांगणें अन्यायाचें होईल. एखादें कृत्य सुरक्षितपणें, नीटपणें, हवें तितक्या वेळां, आणि निरोगी माणसाच्या दुपटीहून अधिक वेळ न घेतां करतां आलें, तरच तें करतां येतें असें मानावयाचें. ‘मला स्वयंपाक करतां येतो’ हें वाक्य खोटें नसेल; परंतु शेगडीपाशीं उभें राहवत नाहीं, भाजी चिरतांना सुरी हातांतून निसटते, आणि जेवणानंतर सायंकाळपर्यंत अंथरुणांतून उठवत नाहीं, हें त्या वाक्यांत कोठें आलें? तें सांगणें म्हणजेच स्वभावोक्ति.

आणि ती किती कठीण! ज्यानें वर्षानुवर्षें ‘ठीक चाललें आहे’ असें सांगून आपली अब्रू राखली, त्याच्या लेखणींतून खरा तपशील सहजासहजीं उतरत नाहीं. उलट, सर्वांत वाईट दिवस हाच रोजचा दिवस म्हणून रंगविला, तर अतिशयोक्तीचा दोष येतो आणि खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो. दोहोंच्या मधली वाट सांपडली तरी एक दुःख उरतेंच: आपल्याला काय काय जमत नाहीं याची यादी आपल्याच अक्षरांत वाचावी लागते.

बोलपटाचा उणेपणा याच ठिकाणीं जाणवतो. लोच यांचा सुतार सरळ, परोपकारी आणि स्पष्टवक्ता. त्याच्या दुखण्याविषयीं प्रेक्षकाला शंका येऊं शकत नाहीं. काल बाजारांत हिंडतांना दिसलेला आणि आज उठूं न शकणारा असा कोणी नायक असता, तर आपल्या सहानुभूतीची खरी परीक्षा झाली असती. अखेरीस सुतार अपीलाच्या दिवशींच मरतो, आणि त्यानें लिहून ठेवलेलें निवेदन अंत्यविधीच्या वेळीं वाचलें जातें. तें आम्हांसही हलवून गेलें. परंतु त्यांत आपण कोण आहों हें आहे. आपला दिवस कसा जातो हें नाहीं. तें उत्तम वक्तृत्व आहे, स्वभावोक्ति नव्हे. आणि त्या कचेरींत वक्तृत्वाला एकही गुण मिळाला नसता.

आपल्याकडे हा प्रश्न टक्क्यांनीं सोडविला आहे. २०१६ च्या कायद्याप्रमाणें अपंगत्व किमान ४० टक्के असल्याचा दाखला मिळाला, म्हणजे राखीव जागांसारख्या सवलतींचें दार उघडतें. यांत स्वतःचें दुःख शब्दांत मांडण्याची नामुष्की टळते, हें खरें. परंतु पायाचे टक्के सारखेच असलेल्या दोघींपैकीं एकीच्या घरांत नळ आहे आणि दुसरीला टेकडी उतरून पाणी आणावें लागतें, हें त्या आंकड्याला कळत नाहीं. तें कळावयास कोणी तरी विचारावें लागतें, आणि कोणी तरी जसें आहे तसें सांगावें लागतें.

कुंतकाविषयीं आमचा आदर कमी झालेला नाहीं. पण सदऱ्याचीं बटणें लावावयास आपल्याला वीस मिनिटें लागतात, हें न लाजतां आणि न वाढवितां लिहिणाऱ्या माणसाचें वाक्य पुढें ठेविलें, तर आम्ही दंडीच्या बाजूला बसूं.